चमकी आरशात झगमगते, मग फोटोत राख का दिसते?

प्रश्न असा आहे: "बहिणीला ग्लिटर मेकअप करून क्रिएटिव्ह पोर्ट्रेट काढायचे आहेत. साधा डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स आणि एक फ्लॅश आहे, स्टुडिओ नाही. एकदा घरी करून पाहिलं, तर फोटोत चमकी दिसायच्या ऐवजी गालाला राख फासल्यासारखं दिसलं. तयारी कशी करू?"

राख हा शब्द वाचून हसू आलं, कारण माझा पहिला फोटोही अगदी तसाच आला होता. धुळ्यात देवपुरात माझं छोटं पार्लर आहे. कॅमेरा नवऱ्याचा. तो लग्नाच्या ऑर्डरी घेतो, आणि सीझन संपला की कॅमेरा माझ्या ताब्यात येतो. तेव्हा मेकअपची बाजू मला पोटापाण्यामुळे येते आणि फोटोची हौसेमुळे, एवढं धरून वाचा.

आपण चमकीला रंग समजतो, तिथेच गाडं अडतं. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन कापलेले षटकोनी तुकडे. प्रत्येक तुकडा एक इवलासा आरसा. गालावर असे हजार आरसे हजार दिशांना तोंड करून बसलेले असतात. ज्यांचा कोन दिवा आणि लेन्स यांच्यात बरोबर जुळतो, तेवढेच लखकन चमकतात. बाकीचे समोर जे असेल तेच दाखवतात. समोर पांढरी भिंत, वर पांढरं छत आणि फ्लॅश छताकडे वळवलेला, असं असेल तर सगळेच आरसे सारखा फिकट पांढरा दाखवणार. झाली राख.

प्रत्यक्ष पाहताना आपण मान हलवतो, बहीणही हलते, त्यामुळे कण पेटत-विझत राहतात आणि आपल्याला झगमगाट वाटतो. फोटोत त्यातला एकच क्षण उरतो.

राखेचं दुसरं कारण कणाच्या आकारात आहे. त्याचा हिशोब एकदा मांडून बघा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरला, तर उभ्या फोटोची उंची ६००० पिक्सेल. डोक्यापासून छातीपर्यंत ४० सेंटिमीटरचा भाग घेतला, तर एका मिलिमीटरला १५ पिक्सेल आले. ०.२ मिलिमीटरचा बारीक कण तीन पिक्सेलांचा झाला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला तर छान दिसतो. तोच फोटो इन्स्टाग्रामसाठी १३५० पिक्सेल उंचीचा केला, की एकेका पिक्सेलमध्ये ०.३ मिलिमीटर गाल कोंबला जातो. चमकलेला कण आणि शेजारचे विझलेले कण एकाच पिक्सेलमध्ये कालवले गेले, की राखाडीच उरणार. म्हणून पापणीवर बारीक चमकी, आणि गालाच्या हाडावर, कानशिलाकडे मधूनमधून एक मिलिमीटरची जाड चमकी. किंवा मग जवळ जाऊन फक्त एक डोळा आणि अर्धा गाल एवढंच घ्या.

आता उजेड. मेकअपच्या आधी उजेडाची जागा ठरवा, आणि ती मोबाइलच्या टॉर्चने ठरवा. बहिणीच्या हाताच्या पाठीवर थोडी चमकी लावा, हात गालाजवळ धरायला सांगा, तुम्ही कॅमेऱ्याच्या जागी एक डोळा मिटून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी टॉर्च फिरवायला लावा. टॉर्च वीतभर सरकली तरी पहिले कण विझतात आणि दुसरे पेटतात. जिथे सगळ्यात जास्त पेटतील तिथे स्टँडवर फ्लॅश. साधारणपणे ही जागा बाजूला, डोक्यापेक्षा हातभर वर निघते. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवू नका, कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश बिनतारी पेटवणारा साधा वायरलेस ट्रिगर घ्या. आणि त्याच्यापुढे छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावू नका. मोठा मऊ उजेड कातडीला चांगला. चमकीला मात्र लहान, टोकदार दिवा लागतो.

पण नुसत्या टोकदार उजेडात चेहऱ्यावरचं एकेक छिद्र दिसतं आणि बहीण रुसते. त्यावर तोड अशी: चेहऱ्याला खिडकीचा उजेड द्या, खिडकीवर सासऱ्यांचं जुनं धोतर टांगा, आणि फ्लॅश अगदी कमी ताकदीवर, १/३२ च्या आसपास, फक्त चमकीसाठी ठेवा. खिडकीचा उजेड कॅमेऱ्यात यायला शटर थोडं मंद लागतं. ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००, शटर १/६० इथून सुरुवात करा. खिडकीचा उजेड जास्त वाटला तर शटर आणखी वेगवान करा, १/१६० पर्यंत बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर चालतात. ॲपर्चर बदललं तर दोन्ही उजेड बदलतात, म्हणून ते एकदा ठरवून सोडून द्या. खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर काळी किंवा गर्द निळी चादर टांगा. विझलेल्या आरशांना दाखवायला काहीतरी काळं मिळालं, की पेटलेले उठून दिसतात.

एका बाजूचा उजेड किती काम करतो, हे मी स्टुडिओत शिकले नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते, तिथे एकदा गेलो होतो. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढलेले बुध्या नाचत होते. पहाटे होळी पेटली आणि जाळाकडच्या अंगावरचा एकेक ठिपका सुटा दिसायला लागला. दुसरं अंग पूर्ण काळोखात. तेव्हापासून मी अर्धा चेहरा अंधारात सोडायला घाबरत नाही. (त्या पेहरावामागे नवस असतो, पथ्यं असतात. तो उचलून फोटोसाठी कुणाला घालू नका. उजेडाची दिशा तेवढी उचला.)

रंगीत काही करायचं असेल, तर रंगीत चमकी घेण्याआधी चंदेरी चमकीवर रंगीत उजेड टाकून बघा. फ्लॅशपुढे थोडं अंतर ठेवून जिलेटिन कागद धरायचा. आरसाच तो, लाल उजेड दिला की लाल होतो. एकाच मेकअपमध्ये चार वेगळे फोटो निघतात.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. मे महिना, पारा चाळिशीच्या वर, मॉडेल माझी भाची. चमकी आणली ती शाळेच्या प्रोजेक्टची, स्टेशनरीच्या दुकानातून. पंखा लावला की चमकी उडायची, बंद केला की घामाने ओघळायची. सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "माय वं! हाई काय लाई लिधं तोंडले?" मग पोरीला किती घाम आलाय ते पाहून त्यांनी मायेने कूलर सुरू केला. पुढचं सांगायला नको. एक कण डोळ्यात गेला, भाचीने डोळा चोळला आणि रात्री डॉक्टरकडे पळावं लागलं. बुबुळावर ओरखडा निघाला. कण सहाच बाजूंचा, पण कडा पात्यासारखी.

म्हणून डोळ्याजवळ फक्त कॉस्मेटिक म्हणून विकली जाणारी, बारीक चमकी लावा, पाकिटावर डोळ्यांसाठी चालेल असं लिहिलेलं पाहून घ्या. बहीण कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल तर आधी काढायला लावा. कण डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, आणि टोचत राहिलं तर सरळ डॉक्टरकडे. चिकटवण्यासाठी ग्लिटर जेल किंवा पापण्यांचा गम घ्या आणि तो आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, लाली किंवा खाज आली तर बेत पुढे ढकला. शाळेच्या डिंकाची बाटली घरात आहे म्हणून ती चेहऱ्याला लावायची नाही. आणि शूट ठेवा डिसेंबर-जानेवारीत. आपल्याकडच्या थंडीत घामही नाही आणि पंखाही नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल, तर सकाळी साडेसहाला खिडकीशी बसा.

लावताना क्रम उलटा ठेवा: आधी डोळे आणि चमकी, फाउंडेशन शेवटी. चमकी गळतेच, आणि फाउंडेशनवर गळलेली निघत नाही. चमकीच्या खाली त्याच रंगाचा किंवा काळा क्रीमचा थर द्या, नाहीतर कणांच्या फटींतून कातडी दिसते आणि काम अर्धवट वाटतं. चपटा ब्रश जरासा ओला करून चमकी थापायची, ओढायची नाही. ओढली की कण आडवेतिडवे होऊन थर विरळ पडतो. गळलेले कण सेलोटेपने उचला. टेप आधी स्वतःच्या हातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्या. सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो चमकी जिथे संपते त्या कडेवर. एकदम तुटलेली कड मुखवट्यासारखी दिसते. कागदावर चेहरा काढून चमकी कुठे दाट, कुठे विरळ, कुठे शेवटचे चार कण, हे आधी रंगवून ठेवा. माझा एक गाल पूर्ण करायला पाऊण तास जातो.

फोटो काढताना फोकस जवळच्या डोळ्यावर. बहिणीला हनुवटी अगदी हळू फिरवायला सांगा आणि प्रत्येक इंचाला एक फोटो काढा; चाळीस काढलेत तर पाच-सहांत चमकी मनासारखी पेटलेली सापडेल. एक्स्पोजर कातडीवरून ठरवा आणि किंचित कमी ठेवा, नाहीतर सोनेरी चमकी पांढरी पडते. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि बहिणीचं डोकं भिंतीला टेकलेलं असेल तर आणखी एक करता येतं: फक्त फ्लॅशची जागा बदलत तीन-चार फोटो काढा आणि नंतर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चमकीपुरते ते 'लायटन' मोडमध्ये, म्हणजे जिथे जे जास्त उजळ तेच राहील असे, एकमेकांवर चढवा. प्रत्येक वेळचे पेटलेले कण एकाच फोटोत येतात. एडिटिंगमध्ये कातडी गुळगुळीत करणारा स्लायडर मात्र चमकीवरून फिरवू नका. सगळी मेहनत करून शेवटी तिथेच पुन्हा राख करणारे मी पाहिलेत.

काढताना आधी टेपने निघेल तेवढी काढा, मग कापसावर खोबरेल तेल घेऊन पुसा, डोळा मिटलेला आणि पुसण्याची दिशा डोळ्यापासून बाहेर. फेसवॉश त्यानंतर. कापूस कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये धुऊन सोडू नका, ते प्लॅस्टिकच आहे. आणि खाली जुनी चादर अंथरल्याशिवाय सुरुवात करू नका. आमच्याकडे दोन आठवड्यांनी कळण्याच्या भाकरीत एक कण निघाला, आणि तो नेमका सासूबाईंच्या ताटात.