सहा महिने बघितलं, तरी कोड का लिहिता येईना?

परभणी जिल्ह्यातला बीएस्सी झालेला मुलगा वडिलांसोबत आला होता. वडील म्हणाले, "सर, सहा महिन्यापासून मोबाईलवर कोडिंगच बघायलाय. पुण्याचे क्लासवाले नोकरीची हमी देतेत, पण फी लाखाच्या वर. कर्ज काढावं का?" मुलाची चिंता वेगळीच. "पायथन, जावा, सी, सगळं बघितलं सर. लिहायला बसलं की काहीच येईना गेलंय. इंग्रजी कच्चं आहे, म्हणून असंल का?"

ही तक्रार आपल्याकडची बरीच मुलं आणतात आणि दोष इंग्रजीवर टाकतात. मला तसं वाटत नाही. व्हिडिओत चुका शिकवणाऱ्याच्या आणि दुरुस्तीही त्याचीच. बघणाऱ्याचा हात कोराच राहतो.

मी लॅपटॉप पुढे केला. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन घातल्यावर पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) कशी निघते, ते पायथनमध्ये लिही म्हटलं. क्विंटल विचार, भाव विचार, गुणाकार कर. त्याने लिहिलं आणि टाइपएरर आला. लगेच यूट्यूबकडे हात गेला. म्हटलं, थांब, एररची शेवटची ओळ वाच. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे गुणणं आणि ‘एसटीआर’ म्हणजे मजकूर, एवढं त्याला कळलं, आणि तेवढं पुरलं: इनपुटमधून आलेला आकडाही पायथन मजकूरच धरतं, आणि मजकुराला मजकुराने गुणता येत नाही. दोन्हीकडे इन्ट लावलं, म्हणजे मजकुराचा पूर्णांक केला, आणि रक्कम आली. तेवढ्यात वडीलच म्हणाले, "साडेबारा क्विंटल घाल की!" १२.५ टाकताच पुन्हा एरर. इन्टला दशांशाचा मजकूर चालत नाही, दशांशाला फ्लोट लागतं. हे मात्र त्याने एरर वाचून स्वतः शोधलं. चेहराच बदलला पोराचा.

कोडिंगच्या भाषेचं म्हणाल तर सी १९७२ ची, पायथन १९९१ मध्ये आलं, दोन्ही अजून कामात आहेत. एक धरा, सहा महिने सोडू नका.

वडिलांना सांगितलं, कर्ज आत्ता नको. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल अभ्यासक्रम फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेची फी. क्लास लावायचाच झाला, तर नोकरीची हमी आणि फी परतीची अट आधी लेखी घ्या. पहिल्या नोकरीला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं, तेवढी घरची तयारी ठेवा. मुलाला पुढचं काम दिलं: हमाली-तोलाई वजा कर, गावातल्या दहा जणांच्या पट्ट्या फाइलमध्ये साठव, तो कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, ठेव आणि मग ये.