वाचकांचे प्रश्न : पाइप गॅसचे बिल

प्रश्न : आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक रत्नागिरीत राहतो. स्वयंपाकघरात पाइप गॅस आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही ठाण्याला लेकीकडे होतो आणि गणपतीच्या आठवडाभर आधी परतलो. दोन महिन्यांच्या बिलात मागील रीडिंग 412, चालू रीडिंग 447 आणि रक्कम 1,800 रुपयांच्या वर आहे. घर बंद असताना एवढे बिल कसे? मीटरवर मला आज 421 दिसतात. पेन्शनमधून ही रक्कम भरणे जड जाते. (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : मीटरचा आकडाही कळवलात हे फार बरे झाले, कारण आपल्या शंकेचे उत्तर त्यातच आहे. मीटर उलटे फिरत नाही. बिल 447 म्हणते आणि परत आल्यावर काही दिवस चूल पेटूनही मीटर 421 दाखवतो, त्याअर्थी 447 हा आकडा कोणी मीटरवर पाहून लिहिलेला नाही. रीडिंग घेणारा माणूस आला, दाराला कुलूप दिसले, म्हणून आपल्या मागील वापरावरून अंदाजे आकडा धरला गेला. अशा बिलावर रीडिंगच्या रकान्याजवळ ‘अंदाजे’, ‘सरासरी’ किंवा ‘घर बंद’ अशा अर्थाची खूण बहुधा असते, पण ती इतक्या बारीक अक्षरात असते की भिंग घेऊनच शोधावी लागते. कोकणात कुटुंबे मुंबई-ठाणे आणि गाव यांच्यात सतत जा-ये करतात, त्यामुळे बंद घराचे अंदाजे बिल ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे.

आता हिशेब पाहू. मीटरवरचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि दशांश चिन्हापुढचे लाल आकडे त्याचे अंश. बिलासाठी काळे आकडे पाहावेत. आपण ज्याला युनिट म्हणतो ते बिलात ‘एससीएम’ या नावाने, म्हणजे प्रमाणित घनमीटर म्हणून, छापलेले असते. दर कंपनीनुसार आणि काळानुसार बदलतो, म्हणून समजण्यापुरता 50 रुपये धरू. 35 युनिटांचे 1,750 रुपये आणि त्यावर 3 टक्के व्हॅट साडेबावन्न रुपये, म्हणजे सुमारे 1,802 रुपये. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत आलेला नाही. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि महाराष्ट्राने तो 1 एप्रिल 2022 पासून 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. आपला खरा वापर 9 युनिटांचा, म्हणजे व्हॅट धरून साधारण 464 रुपयांचा आहे. उरलेल्या 26 युनिटांचे सुमारे 1,339 रुपये आपण न जाळलेल्या गॅसचे आहेत. बिलाच्या मधल्या काळात दर बदलला असेल तर वापर दोन ओळींत विभागून दाखवतात. ते दुहेरी बिल समजू नये.

वापर वाजवी आहे का, हे पडताळण्याची एक सोपी रीत सांगतो. 14.2 किलोच्या सिलिंडरमधील ऊर्जा अंदाजे 17 ते 18 घनमीटर नैसर्गिक वायूइतकी असते. पूर्वी सिलिंडर दोन महिने पुरत असेल, तर तेवढेच युनिट येणे स्वाभाविक. 35 युनिट म्हणजे दोन सिलिंडर, आणि ते बंद घरात संपणे शक्य नाही.

आज करायचे काम असे. मीटरचा क्रमांक आणि आकडे एकाच चौकटीत येतील असा फोटो काढावा आणि देय तारखेच्या आत, ग्राहक क्रमांक लिहून, बिलावर छापलेल्या ईमेलवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवून सुधारित बिल मागावे. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. नुसत्या फोनवरच्या आश्वासनावर थांबू नये. मागील 412 हा आकडा तरी प्रत्यक्ष पाहून घेतलेला होता का, हे आधीच्या बिलावर जरूर तपासा, कारण एका अंदाजातली चूक पुढच्या बिलात तशीच सरकत राहते. अंदाज कमी धरला गेला असता तर उलटे झाले असते आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला सगळा फरक एकदम आपल्या अंगावर आला असता. अशा वेळी रक्कम खरी असली तरी ती हप्त्यांनी भरू देण्याची लेखी विनंती करावी, आणि आपल्याला मान्य असलेला भाग ‘हक्क राखून’ असे लिहून वेळेत भरावा. त्यामुळे आपली बाजू भक्कम राहते. यापुढे बाहेरगावी जाताना मीटरजवळची चावी बंद करावी आणि रीडिंगच्या दिवसांत शेजाऱ्यांकडून मीटरचा फोटो मागवून स्वतःच कळवावा.

कंपनीने दाद न दिल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

प्रश्न : पत्नीच्या नावावर सिलिंडर आहे. तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळतात आणि वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. आता गल्लीत पाइप गॅस आला आहे. पाइप घेतला तर बिलालाही सवलत मिळेल का? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : नाही, आणि हे जोडणी घेण्याआधीच विचारलेत म्हणून स्पष्ट सांगतो. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचे तीन सिलिंडर आणि उज्ज्वला योजनेचे अनुदान हे सिलिंडरच्या जोडणीवर मिळते. पाइप गॅसच्या बिलात तशी थेट मदत देणारी योजना नाही. सरकारचा हातभार आहे तो दरात : देशातील स्वस्त नैसर्गिक वायूच्या वाटपात घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी यांना प्राधान्य असते. नियमानुसार पाइप गॅस घेतल्यावर घरगुती सिलिंडरची जोडणी परत करावी लागते. म्हणून तीन मोफत सिलिंडर सोडल्यास वर्षाचा खर्च किती वाढेल, हे कागदावर मांडून पाहा. घरात रोजचा स्वयंपाक मोठा असेल तर पाइपचा फायदा होऊ शकतो. दोन माणसांच्या घरात तीन सिलिंडर वर्षातले बरेच महिने ओढून नेतात, आणि तुमच्या उत्पन्नात मला सिलिंडर सोडण्याची घाई पटत नाही.

प्रश्न : ‘बिल थकल्याने आज रात्री गॅस बंद होईल, खालील फाइल उघडून माहिती भरा’ असा संदेश आला. बिल तर भरलेले आहे. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ती फाइल उघडू नका. अशा फाइलमधून फोनवरचे बँकेचे संदेश चोरले जातात आणि खाते रिकामे होते. पुरवठा तोडण्यापूर्वी कंपनी रीतसर सूचना देते. रात्रीपुरती धमकी देत नाही. खात्री करायची असेल तर कागदी बिलावर छापलेल्या क्रमांकावरच फोन करा, संदेशातल्या क्रमांकावर नको. फाइल उघडली गेलीच असेल तर इंटरनेट बंद करून आधी बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवल्यास पैसे अडवून ठेवता येण्याची शक्यता अधिक असते.