संडासच्या नमुन्याची डबी एकदा नाही, तीनदा द्या

तुमची पोस्ट वाचली: तीन महिने जुलाब, तपासणीचा रिपोर्ट 'नॉर्मल', जंताच्या गोळीने फरक नाही, संडासात दोरे दिसतात म्हणून टॉर्च घेऊन शोधाशोध, आणि बायकोलाही औषध द्यायचं का हा प्रश्न. आधी मीच एक विचारतो. जुलाब होताहेत म्हणून तुम्ही सध्या रोज केळी खाताय का?

संडासात दिसलेले 'काळे बारीक दोरे, हलल्यासारखे वाटणारे' वाचलं आणि मला माझीच फजिती आठवली. केळ्याच्या गाभ्यातले तंतू पचत नाहीत. ते काळपट होऊन बाहेर पडतात आणि पाण्यात थेट जंतासारखे दिसतात. टोमॅटोची साल, इसबगोलचा बुळबुळीत गोळा, आव, सगळं तसंच. मी तर ते चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात घालून डॉक्टरांसमोर बरणी ठेवली होती. ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "काल काय खाल्लं?" नंतर कळलं की पेशंट असे नमुने काडेपेटीत घालून आणतात आणि डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला 'काडेपेटीचं लक्षण' असं नावच आहे.

याचा अर्थ तुम्हाला काही झालेलं नाही असा नाही. किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी प्यायल्यावर दहा दिवसांनी सुरू झालेले जुलाब, तीन महिने ते चालूच, संडास तेलकट आणि तरंगणारी, ढेकरांना सडक्या अंड्याचा वास, वजन चार किलो खाली. हे सगळं 'टेन्शनमुळे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. मी डॉक्टर नाही, पण माझं अगदी असंच होतं आणि निघाला जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी. गंमत म्हणजे तो डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे तुम्ही टॉर्च घेऊन जे शोधताय ते बहुधा केळं आहे, आणि छळतंय ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं.

आता तुमचा 'नॉर्मल' रिपोर्ट. जिआर्डियाच्या गाठी, म्हणजे सिस्ट, रोज पडत नाहीत. आज पडतील, मग दोन दिवस काहीच नाही. त्यामुळे एकाच नमुन्यात तो बऱ्याचदा निसटतो. म्हणून एक दिवसाआड असे तीन नमुने, दहा दिवसांच्या आत द्यायचे. माझा पहिला रिपोर्ट स्वच्छ होता, दुसराही. तिसऱ्यात सापडला. पहिल्या रिपोर्टवर विसंबून मी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, ती चूक तुम्ही करू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "तीन नमुने तपासू या का? जिआर्डियाची अँटिजेन टेस्ट होईल का?" अँटिजेन टेस्ट, म्हणजे जंतूची प्रथिनं शोधणारी तपासणी, सूक्ष्मदर्शकाच्या साध्या तपासणीपेक्षा बरीच भरवशाची. मोठ्या लॅबमध्ये होते, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये बहुतेक नाही.

डबी देताना लोक फार गोंधळ घालतात. डबी कोरडी हवी. नमुन्यात लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळलेलं चालत नाही, म्हणून आधी लघवी करून घ्या आणि कमोडवर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा. सुपारीएवढा नमुना पुरतो. आव किंवा रक्त असेल तर नेमका तोच भाग उचला. पातळ असेल तर तासाभरात लॅबमध्ये पोचवा, कारण जिवंत जंतू लवकर मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. रात्रीचा नमुना सकाळी नेला तर पैसे वाया. आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी डबी द्या. इसबगोलही त्या दिवसांत बंद ठेवा.

'ई. हिस्टोलिटिका सिस्ट दिसल्या', म्हणजे आव पाडणाऱ्या अमीबाच्या गाठी दिसल्या, असा रिपोर्ट आला तर घाबरू नका. तिची एक निरुपद्रवी जुळी बहीण आहे, सूक्ष्मदर्शकाखाली दोघी अगदी सारख्या दिसतात. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर तुमच्या लक्षणांवरून ठरवतील.

मेडिकलमधून घेतलेल्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने फरक पडला नाही यात नवल नाही. ४०० मिलिग्रॅमची ती एक गोळी गोल जंत, अंकुशकृमी यांच्यासाठी. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना देतात तीच. जिआर्डिया जंत नाहीच, तो एकपेशीय जीव आहे. एका गोळीने तो हटत नाही आणि अमीबाला तर ती लागूच नाही. म्हणूनच 'कसला तरी परजीवी' मारायचं औषध घेण्यात अर्थ नाही. आधी त्याचं नाव कळू द्या.

आणि कृपा करून अल्बेंडाझोलचा पंधरा दिवसांचा कोर्स स्वतःच्या मनाने करू नका. मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी असल्या तर त्या मरताना सूज येऊन फिट येऊ शकते. (कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते हे मात्र खोटं. फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीवर येतात. कोबी बिचारा फुकट बदनाम.)

जिआर्डियावर मला टिनिडाझोल दिलं होतं, दोन ग्रॅमचा एकच डोस. काहींना मेट्रोनिडाझोल पाच-सात दिवस देतात. तोंडात तांब्याचं नाणं चघळल्यासारखी चव येते, मळमळतं, पण जेवणानंतर घेतलं तर सहन होतं. त्या काळात दारू पूर्ण बंद आणि टिनिडाझोलनंतर आणखी तीन दिवस तरी बंदच.

पण खरा कठीण काळ त्याच्यानंतरचा होता. औषध लागू पडलं, पुढचा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी सकाळच्या चहानंतर पोटात गुरगुर चालूच. मला खात्री की जंतू मेलेला नाही. पुन्हा टॉर्च, पुन्हा बरणी. बायको वैतागली. मग डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याच्या अस्तराला मार बसला की दूध पचवणारं एन्झाइम काही आठवडे कमी पडतं. दूध सोडलं, चहा कोरा घेतला, ताक थोडं थोडं चाललं. सहाएक आठवड्यांत पोट ताळ्यावर आलं. संडासात बघायचं मात्र मला जबरदस्तीने बंद करावं लागलं. बघायचं आठवड्यातून एकदा आणि वहीत एक ओळ लिहायची, एवढंच ठरवलं. तुम्ही लिहिलंय की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोटो ताडून बघता. हेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. झोप उडाली की पोट आणखी बिघडतं.

इन्स्टाग्रामवरची ती 'क्लेन्स' किट मागवू नका. त्यात बहुतेक इसबगोलसारखा भुसा आणि रेचक असतं. मग जो लांबलचक चिकट दोर बाहेर पडतो तो त्या भुशाचाच, आणि जाहिरातीत त्यालाच जंत म्हणून दाखवतात.

उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला, संडासात रक्त दिसलं, किंवा चक्कर येऊन लघवी कमी झाली तर तीन नमुन्यांची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिन्ही नमुने खरोखर स्वच्छ निघाले तर सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार), थायरॉइड यांची तपासणी करायची का ते पोटाच्या डॉक्टरांना विचारा. चार किलो वजन उगाच जात नाही.

राहिला तुमच्या बायकोला औषध द्यायचा प्रश्न. तिला काही त्रास नसेल तर आधीच गोळी देऊ नका. तुमच्यात जिआर्डिया निघाला तर तिचाही नमुना तपासून घ्या. तोवर संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, पाणी उकळून प्या. नुसत्या क्लोरीनच्या थेंबांवर जिआर्डियाच्या बाबतीत भिस्त ठेवू नका. आणि दिवस गेल्याची जराही शक्यता असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अल्बेंडाझोलसुद्धा नको.