लातूरहून येऊन हिवाळाभर नौकेवर राहता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लातूरचे निवृत्त शिक्षक असून आपले वय ६१ आणि पत्नीचे ५८ आहे. ओळखीतून एक वापरलेली २८ फुटी शिडाची नौका विकत मिळते आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने रत्नागिरी ते गोवा या पट्ट्यात तिच्यावरच मुक्काम करावा असा बेत आहे, आणि समुद्राचा अनुभव दोघांनाही नाही. मी मूळचा उदगीरचा. व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत बरीच वर्षे काढून निवृत्त झालो आणि गेले सहा हिवाळे एका मित्राच्या भागीदारीतील ३० फुटी नौकेवर याच किनाऱ्याला काढतो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो: हे जमण्यासारखे आहे, मात्र पहिल्याच वर्षी चार महिने राहू नये आणि पहिल्याच वर्षी नौका विकत घेऊ नये.

प्रथम काळाविषयी. पावसाळा सरला की समुद्र निवळतो, हे खरे असले तरी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही महिने आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ कोकण किनाऱ्यावर आले, आणि २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ने केरळ-लक्षद्वीपकडून वर सरकत इथवर मोठ्या लाटा आणल्या. म्हणून मी १५ डिसेंबरच्या आधी नौकेवर सामान चढवत नाही. तेव्हापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा कोरडी असते, समुद्राचे पाणी साधारण २६ ते २८ अंशांवर राहते, आणि लातूरला पहाटे रजई लागते तेव्हा इथे सुती चादर पुरते. पूर्व किनाऱ्याचा विचार मनात असल्यास तो या दिवसांपुरता सोडून द्यावा, कारण ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळे तिकडे डिसेंबरपर्यंत चालू असतात.

वाऱ्याविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या बेतातील खरी अडचण तिथे आहे आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. आपण वर्गात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले असतील. हिवाळ्यातील कोकण किनारा म्हणजे त्या धड्याचे रोजचे प्रात्यक्षिक आहे. रात्री जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो नऊ-दहा वाजेपर्यंत टिकतो. मग तासदोन तास समुद्र आरशासारखा होतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो, चार-पाच वाजता त्याला चांगला जोर येतो आणि सूर्यास्तानंतर तो पडतो. याचा अर्थ असा की दक्षिणेकडे जाताना वारा पाठीशी असतो. रत्नागिरी ते विजयदुर्ग हे सुमारे २६ सागरी मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, साधी नौका सहा तासांत सुखाने कापते. पुढे देवगड, मालवण, पणजी असे टप्पे घेत नवखा माणूस गोव्याला पोहोचतो आणि आपल्याला नौकानयन जमले असे समजतो. परतीला तोच वायव्य वारा तोंडावर येतो, नौका लाटांवर आपटत राहते, आणि सहा तासांच्या अंतराला दोन दिवस लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत इराणच्या आखाताकडील वाऱ्यांनी उठलेल्या लाटाही मधूनमधून दोन-तीन दिवस इकडे येतात, तेव्हा तर बंदरातच थांबलेले बरे. उत्तरेकडे यायचे असेल तर पहाटे चार वाजता नांगर उचलून मतलई वाऱ्यावर आणि इंजिनवर अकरापर्यंत जेवढे अंतर होईल तेवढे कापावे आणि दुपारी जवळच्या खाडीत शिरावे, हीच रीत आहे. छोटे डिझेल इंजिन तासाला दोन-तीन लिटर तेल पिते. परतीचा हिशेब पूर्ण इंजिनावर धरावा, म्हणजे निराशा होणार नाही.

यावरून माझा सल्ला असा की गोव्याचा हट्ट सोडून पहिला हिवाळा जयगड आणि विजयदुर्ग या दोनच ठिकाणी काढावा. जयगडला शास्त्री नदीचे मुख आहे, विजयदुर्गला वाघोटण खाडी आहे, आणि दोन्ही ठिकाणी वायव्येच्या वाऱ्यापासून आडोसा व पुरेशी खोली मिळते. आंग्र्यांच्या आरमाराने गोदीसाठी वाघोटण खाडीच निवडली होती, ती उगीच नव्हे. मालवण दिसायला सुंदर असले तरी सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत, त्यामुळे तिथे पहिल्या वर्षी स्वतःच्या भरवशावर शिरू नये, आणि रात्री तर मुळीच नाही. कोकणातील अनेक लहान खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. आपल्या नौकेला सव्वा-दीड मीटर पाणी लागेल, तेव्हा भरती चढत असतानाच आत जावे. ओहोटीत रुतलेली नौका पाणी आणखी उतरताच आडवी पडते.

भरतीचे वेळापत्रक छापील मिळते, पण पंचांग वाचणाऱ्या माणसाला एक जुना कोकणी हिशेब लवकर समजेल: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा आहे. दक्षिणेला भरती त्याच्या काहीशी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उतार, असते. तरीही नौका हलवताना छापील कोष्टकच पाहावे. पाऊणपटीचा उपयोग रात्री जाग आल्यावर बाहेर काय चालले असेल याचा अंदाज बांधण्यापुरता.

नांगराच्या बाबतीत मी पहिल्या हिवाळ्यात केलेली चूक सांगतो. जयगडला संध्याकाळी ओहोटी असताना खोली तीन मीटर भरली. साखळी खोलीच्या पाचपट सोडावी हे पाठ होते, म्हणून १५ मीटर सोडून आम्ही निवांत झोपलो. रात्री पाणी अडीच मीटरने चढले. नौकेचा पुढचा कठडा पाण्यापासून एक मीटर वर असतो, तोही धरायचा असतो हे मी विसरलो होतो. म्हणजे खरी उंची साडेसहा मीटर झाली आणि साखळी जेमतेम सव्वादोन पट उरली. नांगर सुटला आणि आम्ही मच्छीमारांच्या नौकांच्या रांगेवर सरकत गेलो. एका तांडेलाने आरडाओरड करून उठवले म्हणून निभावले. तेव्हापासून हिशेब नेहमी भरतीच्या पाण्यावरून करतो. त्या रात्री ३२-३३ मीटर साखळी हवी होती. दोरी वापरत असाल तर सातपट सोडावी. भरती फिरली की नौकाही तेवढ्याच त्रिज्येने फिरते, म्हणून चहूबाजूंनी तेवढी जागा मोकळी असावी, आणि रात्री सर्व दिशांनी दिसेल असा एक पांढरा दिवा उंचावर लावलेला असावा. तो न लावणे बेकायदा तर आहेच. शिवाय पहाटे तीनला निघणाऱ्या मच्छीमारांना काळोखात आपण दिसतच नाही.

आता पाण्याविषयी, म्हणजे गोड्या पाण्याविषयी. या एका बाबतीत आपण किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा वरचढ ठरणार आहात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तो उन्हाळा आपण लातुरात काढला असेल, तर नौकेवरचे राहणे आपल्याला नव्याने शिकावे लागणार नाही. २८ फुटी नौकेच्या टाकीत साधारण १०० ते १५० लिटर पाणी मावते. दोघांना पिण्यासाठी सहा लिटर, स्वयंपाकाला चार-पाच, तोंड धुणे आणि शेवटचे विसळणे धरून १५ लिटर रोज, असा आमचा खर्च असतो. म्हणजे १२० लिटर आठ दिवस जातात. मुंबईचे पाहुणे आले की हेच पाणी तीन दिवसांत संपते, कारण नळ उघडा ठेवून दात घासण्याची सवय त्यांना सोडवत नाही. नळाऐवजी पायाने दाबायचा पंप बसवून घ्यावा. दाबल्याशिवाय पाणी येत नसले की हात आपोआप आखडतो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून गोड्या पाण्यात एकदा बुडवावीत. अंघोळ समुद्राच्या पाण्याने करून शेवटी एक तांब्या गोडे पाणी घ्यावे. वडीचा साबण खाऱ्या पाण्यात फेसाळत नाही, शाम्पू फेसाळतो. कपडे मात्र खाऱ्या पाण्यात धुऊन तसेच वाळवू नयेत, कारण मीठ हवेतील ओल ओढते आणि ते कपडे कधीच कोरडे होत नाहीत. हे सारे उघड्या समुद्राच्या पाण्याबद्दल आहे. बंदराच्या आतले पाणी अंगालाही लावू नये आणि भांड्यांनाही नाही.

विजेचा हिशेबही तसाच आहे. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन साध्या बॅटऱ्या असल्या तरी त्यांतील निम्मीच वीज वापरावी, नाहीतर त्या लवकर मरतात. दोन पंखे रात्रभर, दिवे, फोन आणि व्हीएचएफ रेडिओ मिळून दिवसाला ३५ अँपिअर-तास जातात, आणि २०० वॉटचे सौर पॅनेल हिवाळ्यात ६० च्या आसपास देते. छोटा फ्रिज एकटाच ३०-४० खातो. म्हणून पहिल्या वर्षी फ्रिज नको. आमच्याकडे येसर (भाजलेली धान्ये आणि मसाले यांचे पीठ), शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि डाळी यांवर सगळे भागते. येसराची आमटी एका उकळीत होते, तेव्हा गॅसही वाचतो.

गॅसवरून एक गंभीर गोष्ट. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारातून निघून जातो, नौकेत मात्र तो तळाच्या पोकळीत साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. सिलिंडर खोलीत ठेवू नये. बाहेर अशा कप्प्यात ठेवावा ज्याच्या तळाचे भोक थेट समुद्राच्या बाजूला उघडते, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर सिलिंडरचीच कळ बंद करावी. आपण पाहिलेल्या नौकेत तो पलंगाखाली असेल, तर तेवढ्यावरून मी ती नाकारीन.

आपण लिहिले आहे की दोघांनाही विहिरीत पोहता येते. चांगलेच आहे, पाठीला डबा बांधून शिकलेले पोहणे विसरत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, नौकेला नसतात, आणि पाण्यातून वर पाहिल्यावर एक मीटर उंचीची गुळगुळीत भिंत दिसते. पाण्यात असलेल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल अशी शिडी मागच्या बाजूला असायलाच हवी, आणि चालत्या नौकेवर पाण्यात तरंगवणारे जीवरक्षक जाकीट अंगावरच असावे.

कागदपत्रांत फार अडचण येत नाही, मात्र टाळाटाळ करू नये. नौकेची नोंदणी आणि विमा चालू आहे का ते खरेदीआधी पाहावे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी नौकेची विचारपूस होतेच. ज्या बंदरात जाल तिथल्या सागरी पोलीस ठाण्यात आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आपणहून जाऊन ओळखपत्रांच्या प्रती द्याव्यात, म्हणजे पुढे कोणी त्रास देत नाही. परदेशातील कोणी नातेवाईक उपग्रह फोन पाठवतो म्हणाला तर घेऊ नये, परवानगीशिवाय तो बाळगणे भारतात गुन्हा आहे. व्हीएचएफवर १६ क्रमांकाची वाहिनी सदैव ऐकत राहावी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज पाहावा.

हे वाचूनही उत्साह टिकला असेल, तर यंदा असे करावे. आधी पाच-सहा दिवस गोव्यात एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे शिडाची नौका चालवायला शिकावे. त्यानंतर अनुभवी माणसासह नौका भाड्याने घेऊन नांगरावर सलग दहा रात्री राहावे. पहिल्या दोन-तीन रात्री झोप लागत नाही, त्यांवरून निर्णय करू नये. केवळ पाण्यावर राहण्याची गोडी असेल, तर अलप्पुळाचे हाउसबोट हा कमी कष्टाचा मार्ग आहे, पण तिथे स्वयंपाकी आणि चालक बरोबर असतात, त्यामुळे वर सांगितलेल्यांपैकी काहीही शिकून होत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की येळवसीला, म्हणजे आपल्याकडच्या वेळा अमावास्येच्या रानातल्या सणाला, चार दिवस लातूरला जाऊन यायचे झाले तर नौका नांगरावर सोडता येईल का. रानात भज्जी-आंबिल सोडून इथे बसावे असे मी कोणाला सांगणार नाही, मीही दरवर्षी जातो. परंतु येळवस अमावास्येला असते, आणि मोठे उधाण त्याच दिवशी व पुढचे दोन दिवस असते. म्हणजे आपण रानात कोपीपुढे बसलेले असताना इथे पाणी सर्वांत जास्त चढ-उतार करत असते. नौका नुसत्या नांगरावर सोडू नये. स्थानिक नाखव्याशी आधी बोलून ती त्याच्या पक्क्या बांधणीच्या बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) दोन दोऱ्यांनी बांधावी, दोऱ्या जिथे घासतात तिथे जुन्या पाइपचे तुकडे चढवावेत, तळातून पाणी उपसणारा पंप चालू असल्याची खात्री करावी, आणि त्याने सकाळ-संध्याकाळ एकदा नजर टाकून फोन करावा असे ठरवावे. त्याचे पैसे आधी द्यावेत, आणि परतताना त्याच्या घरी थोडे उंडे न्यावेत.