प्रश्न तुमचे: शाळेचा डेटा क्लाउडवर टाकायचाय, पण…

प्रश्न १: नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क आहे. चार शाळा, मिळून २६०० मुलं. निकाल, हजेरी, फी बाकी सगळं एक्सेलमध्ये, प्रत्येक शाळेचं वेगळं, आणि संस्थेच्या मीटिंगच्या आदल्या रात्री मी ते जोडत बसतो. बॅकअप एका हार्ड डिस्कवर आहे, ती कपाटात असते. आता सेक्रेटरी साहेब म्हणतात सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत टाका. एक कंपनीवाला येऊन डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका स्क्रीनवर दाखवणारा तक्ता पण दाखवून गेला, रंगीत होता छान. टाकावं का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: टाका, पण कंपनीवाल्याला दोन महिने थांबायला सांगा, कारण आत्ता टाकलंत तर कपाटातला पसाराच वर जाणार, फक्त महिन्याला भाडं भरून.

आधी एक बघा, तुमच्या शाळांचा सरकारी डेटा केव्हाच ऑनलाइन गेलाय. राज्याचं विद्यार्थ्यांच्या नोंदीचं पोर्टल सरल २०१५ पासून आहे, पगार शालार्थ पोर्टलवर, केंद्राच्या शाळा-माहितीच्या यूडायस पोर्टलमध्ये २०२२-२३ पासून एकेका मुलाची माहिती भरावी लागते. म्हणजे राहिलं काय, तर तुमचं स्वतःचं विश्लेषण, कुठल्या शाळेत गणितात मुलं मागे आहेत, कुठल्या वर्गाची हजेरी घसरतेय वगैरे. ते या पोर्टलवरून तुम्हाला हवं तसं मिळत नाही म्हणून तर तुम्ही रात्री जागता.

आता साफसफाई. सगळ्यात आधी फॉन्ट. जुन्या फायली श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या वर टाकल्यावर मुलांची नावं म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील, कारण ते युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारं मराठी नाहीच, ते फक्त त्या कॉम्प्युटरवर त्या फॉन्टमध्ये मराठी दिसतं. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं हमखास गडबडतात, त्यामुळे एकदा डोळ्याने तपासावंच लागतं, त्याला इलाज नाही.

दुसरं, तारखा. ३ जून २०१४ ही जन्मतारीख ०३/०६/२०१४ अशी लिहिली आणि ऑनलाइन शीटची सेटिंग अमेरिकन राहिली असेल तर ती गुपचूप ६ मार्च होते. २५/०६ असेल तर पंचविसावा महिना नसतोच म्हणून ती तारीखच मानली जात नाही, मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या निरुपयोगी, आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतंय. शीटच्या सेटिंगमध्ये जाऊन देश भारत करा, मगच फाइल चढवा.

तिसरं, लांबलचक आकडे. बारा आकडी नंबर साध्या कॉलममध्ये टाकला की एक्सेल तो ४.५६ई+११ असा काहीतरी दाखवतं, आणि त्याच अवस्थेत सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल) केली की मागचे आकडे कायमचे गेले. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं पण अशीच उडतात. असे कॉलम आधी टेक्स्ट करून घ्यायचे आणि मगच भरायचे.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे मूल ओळखायचं कशावरून? नावावरून नाही. एकच मुलगी एका शाळेत ‘वैष्णवी’, दुसऱ्या यादीत ‘वैश्नवी’, आधारवर अजून तिसरंच. यूडायसचा पेन नंबर, म्हणजे मुलाचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, प्रत्येक ओळीत ठेवा, जोडीला जनरल रजिस्टरचा नंबर आणि शाळेचा ११ आकडी यूडायस कोड. वर्गाचं नाव चारही शाळांत एकच, ‘५वी अ’ म्हणजे ५वी अ, ‘पाचवी-अ’ नाही आणि ‘५ए’ पण नाही. निकालाची टक्केवारी पटावर काढायची की परीक्षेला बसलेल्यांवर, हे चारही मुख्याध्यापकांना समोरासमोर बसवून एकदा ठरवून घ्या. या एका प्रश्नावर मीटिंगमध्ये झालेली भांडणं मी पाहिलीत, दोघांचे आकडे बरोबर आणि दोघंही एकमेकांना खोटं म्हणतायत.

हे झालं की महागडं सॉफ्टवेअर लगेच लागत नाही. गूगलचं शाळांसाठीचं मूळ पॅकेज फुकट आहे, पात्र ठरलात तर संस्थेला मिळून १०० टीबी जागा. पण गूगल शीटची मर्यादा १ कोटी सेल, म्हणजे चौकटी. तुमची २६०० मुलं, वर्षाला धरा २२० दिवस, रोज एका मुलाची पाच कॉलमची एक ओळ, म्हणजे वर्षाला २८ लाख ६० हजार सेल. चौथ्या वर्षी शीट भरणार, त्याच्या आधीच ती रांगायला लागणार. म्हणून रोजची हजेरी गूगलच्याच बिगक्वेरीसारख्या डेटाबेसमध्ये ठेवा, १० जीबीपर्यंत साठवायला फुकट आहे आणि तुमच्या आकड्यांना ते भरपूर झालं, शीटमध्ये फक्त महिन्याची बेरीज. कच्चा डेटा एका जागी, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि रिपोर्ट त्यावरून वेगळा तयार व्हायला हवा. आत्ता तुम्ही काय करता, त्याच फाइलमध्ये रंग देता, ओळी खोडता, बरोबर ना?

अकाउंट मात्र संस्थेच्या नावाचं पाहिजे. एका शाळेत सगळ्या शीट एका सरांच्या स्वतःच्या जीमेलवर होत्या, सर रिटायर झाले, मोबाइल नंबर बदलला, पासवर्ड विसरले, आणि पाच वर्षांचे निकाल अडकून बसले. सर अजून ओळखीचे आहेत, चहा पाजतात, पण निकाल काही मिळाले नाहीत.

कंपनीवाल्याला दोनच गोष्टी लेखी मागा. करार संपला की सगळा डेटा सीएसव्हीत परत, जादा पैसे न घेता, आणि मग त्यांच्याकडचा पुसायचा. यावर तो ‘बघू सर’ म्हणाला तर चहा देऊन निरोप द्या.

सुरक्षेचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पॉवरस्कूल या मोठ्या कंपनीच्या सपोर्ट पोर्टलमध्ये चोरलेल्या पासवर्डने कुणीतरी शिरलं, आणि अमेरिका-कॅनडातल्या शाळांच्या मुलांची आणि शिक्षकांची माहिती गेली. टोरोंटोच्या शाळा मंडळाने सांगितलं की १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती त्यात असू शकते. चाळीस वर्षांपूर्वीच्या पोरांचा डेटा कशाला ठेवला होता? म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसा मोबाइलवरचा कोड) सगळ्यांना सक्तीचं करा, आणि विश्लेषणाच्या फाइलमध्ये आधार, जात, पालकांचं बँक खातं हे कॉलम नेऊच नका. गणितात कोण मागे आहे हे कळायला आधार नंबर लागत नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल धरलंय, आणि डेटा कंपनीकडे असला तरी जबाबदारी शाळेचीच राहते. सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, सेक्रेटरी साहेबांना एवढं एक वाक्य वाचून दाखवा, बाकी काम आपोआप होईल.

प्रश्न २: मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. डॅशबोर्डवर आमची शाळा हजेरी कमी म्हणून दिवाळीनंतर मार्चपर्यंत लालच असते. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यात माझा काय दोष? दरवेळी मीटिंगमध्ये आमच्यावर बोट.

उत्तर: ताई, तुमचा दोष नाहीच, आणि खरं तर मशीनचाही नाही, त्याला फक्त ‘गैरहजर’ एवढंच सांगितलंय. हजेरीच्या नोंदीत अजून एक कॉलम घाला, कारण: आजारी, स्थलांतर, गावातच पण येत नाही. शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड) देऊन पाठवलेलं मूल, गावातल्या हंगामी वसतिगृहात मागे राहिलेलं मूल आणि नुसतं गोठ्यात गुरं राखणारं मूल, हे तिघं एका लाल रंगात घालणं म्हणजे आकडेवारीचा खून आहे. दुसरं, तुमच्या जानेवारीची तुलना ऑगस्टशी नको, मागच्या जानेवारीशी करा. मागच्या वर्षी जानेवारीत पटावरची ४० पैकी २२ हजर होती आणि यंदा २७ आहेत, तर तुम्ही पाच पोरं राखलीत, हे त्या लालमध्ये दिसतच नाही. केंद्रप्रमुखांकडे कागदावर हाताने काढलेला असा तक्ता घेऊन जा. लाल रंगावर वाद घालत बसू नका, तक्ता पुढे ठेवा.

प्रश्न ३: आमच्या वाडीवर नेट टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही. क्लाउड आमच्यासाठी आहे का?

उत्तर: आहे की, फक्त रोज नको. हजेरी वहीतच घ्या, ती तशीही ठेवावीच लागते. ऑफलाइन चालणारी शीट मोबाइलवर उतरवून ठेवा, त्यात भरा, आणि शनिवारी केंद्रावर किंवा बाजारला जाल तेव्हा रेंजमध्ये आलं की ती आपोआप वर जाते. फक्त दोन शिक्षकांनी एकच शीट दोन मोबाइलवर ऑफलाइन भरू नका, जुळवताना एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या खाली गाडलं जातं. पहिली ते चौथी एकाची, बाकी दुसऱ्याची, असं वाटून घ्या.