मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग मुलीला ब्रेल शिकवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी ९ वर्षांची आहे, नजर हळूहळू चाललीय, डॉक्टर म्हणतात अजून दोन-चार वर्षं मोठ्या अक्षरातलं वाचेल, आणि घरातले म्हणतात मोबाईल सगळं बोलतो तर ब्रेलमध्ये वेळ कशाला घालवायचा. शिकायला किती दिवस लागतात तेही विचारलंय. मी इथे सहसा नुसतं ऐकून पुढे जातो, उत्तरं लिहायच्या भानगडीत पडत नाही. पण ते "घरातले म्हणतात" ऐकलं आणि अडकलो. आमच्या घरातले पण म्हणायचे.

शिकवा. थोडं दिसतंय तोवरच शिकवा. उत्तर एवढंच आहे, पुढचं वेळ असेल तर वाचा.

मी इंदूरचा, रामबागेतला. मलाही डोळ्याच्या पडद्याचा आजार, आधी रातांधळेपणा, मग कडेकडेने कमी होत होत मधे एक भोक उरतं आणि शेवटी तेही जातं. आठ वर्षांचा होतो तेव्हा संध्याकाळी राजवाड्यावरून घरी येताना दादाच्या शर्टाचं टोक धरून चालायचो. सहावीपासून भिंग. पुस्तकाला नाक लागेल इतकं जवळ धरायचो, लागायचंच, आई रोज नाकावरची शाई पुसायची. एक धडा वाचायला दोन तास आणि नंतर डोकं असं ठणकायचं की जेवण नको वाटायचं. शाळेत कुणीतरी एकदा म्हणालं याला ब्रेल शिकवा, तर दादा (वडील लवकर गेले, घरात दादाचाच शब्द) म्हणाला, डोळे आहेत तोवर डोळ्यांनी वाचायचं, ते ठिपके आंधळ्यांचं काम. डॉक्टरांनीही मान डोलावली. मी १३ वर्षांचा होतो, मला वाटलं बरोबरच आहे, आपण कुठे आंधळे आहोत.

दहावीच्या परीक्षेपर्यंत भोकही गेलं. मग आईने वाचायचं आणि मी ऐकायचं, पेपर लेखनिकाने लिहायचा. असा बीए झालो. बीए झालेल्या माणसाला स्वतःची सही सोडून एक ओळ लिहिता येत नव्हती आणि एक ओळ वाचता येत नव्हती. याला शिकलेला म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा, मी तरी म्हणत नाही.

१९९० मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या एका जागेचं कळलं. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की एक मास्तर आहेत, जन्मांध, दुपारी एका दुकानाच्या ओट्यावर वेताच्या खुर्च्या विणतात, त्यांच्याकडे जा, नंबर लिहून ठेवायला तरी शिकशील. गेलो. हातात स्लेट दिली, म्हणजे दोन पत्र्यांची बिजागरी असलेली पट्टी, मधे कागद, वरच्या पत्र्याला खिडक्या, एका खिडकीत सहा ठिपक्यांची जागा. आणि टोचायचं कलम. म्हणाले, देख भिया, छह बिंदी हैं, बस, इतनी सी दुनिया है. वाचायला शिकवताना म्हणायचे, मलाई पे उंगली फिरा, मलाई फटनी नहीं चाहिए. हे मी आजही सगळ्यांना सांगतो, कारण नवा माणूस बोट दाबतो, आणि दाबलं की काही म्हणता काही कळत नाही.

टोचायचं कागदाच्या पाठीमागून असतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं, मग कागद पालटून सुलट वाचायचं. ऐकायला अवघड वाटतं, पंधरा दिवसांत हात आपोआप करतो. गोची वेगळीच झाली. मास्तर हिंदीतले, त्यांनी ळ शिकवलाच नाही. मी महिनाभर 'काला' आणि 'फला' लिहीत होतो. मग विचारलं तर हसले, म्हणाले अरे हां, तुम मराठों का वो एक एक्स्ट्रा है. ल म्हणजे डावीकडची उभी रांग पूर्ण, १-२-३. ळ म्हणजे उजवीकडची पूर्ण, ४-५-६. एकमेकांचे आरशातले. आणि आपण लिहितो उलटं! म्हणजे जरा लक्ष हललं की 'बाल'चं 'बाळ'. क आणि ख चं पण तसंच. पण एक सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ल आणि ळ ही दोन वेगळी अक्षरं बोटाला वेगळी लागतात, नुसती जिभेची वळणं नाहीत.

घरी सांगितलं नव्हतं. रात्री सगळे झोपले की गोधडीत शिरून टोचायचं. मला दिवा लागत नाही, त्यामुळे कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता, पण आवाजाचं काय. टक टक टक, थांबा, टक टक. आईला वाटलं पाल. वहिनीला वाटलं उंदीर, आणि उंदीर पत्र्याच्या कणकेच्या डब्यावर चढतोय म्हणून तिने पिंजरा लावला, पोळीचा तुकडा अडकवून. तीन रात्री पिंजरा रिकामा आणि आवाज चालूच. चौथ्या रात्री दादा बॅटरी घेऊन उठला, आवाजाच्या मागे मागे माझ्या गादीपर्यंत आला आणि गोधडी उचलली.

आता यातला खरा घोळ कागदाचा. ब्रेलला जाड कागद लागतो, साध्या वहीच्या पानाला भोकं पडतात. खजुरी बाजारात जाड शीट मिळायचे पण पैसे कुठून आणणार, म्हणून मी वहिनीच्या ट्रंकेत साठवलेल्या लग्नपत्रिका काढल्या होत्या. लग्नपत्रिकेसारखा कागद नाही, अजून सांगतो. दादाने बॅटरी मारली तर माझ्या स्लेटमध्ये त्याचीच पत्रिका. त्याच्या आणि वहिनीच्या नावावर वीस-पंचवीस फोन नंबर टोचलेले.

मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुला आंधळा व्हायची इतकी घाई का रे?" मी तोपर्यंत पाच वर्षं पूर्ण आंधळा होतो. स्लेट आणि कलम दोन्ही माळ्यावर टाकली.

आठ दिवसांनी वहिनीने खाली काढून फडक्यात गुंडाळून माझ्या उशाशी ठेवली. म्हणाली, "भावजी, आमची सोडून बाकी सगळ्यांच्या घ्या."

नोकरी लागली. सगळ्या विभागांचे नंबर मी पत्रिकांवर टोचून पुठ्ठ्याच्या खोक्यात लावले होते, डाव्या हाताने नंबर वाचायचो आणि उजव्याने फिरवायचो, शेजारचा दिसणारा ऑपरेटर वही उलटत बसायचा तोवर माझा लागलेला असायचा. दादा कधीही म्हणाला नाही की चुकलं माझं. अजून नाही.

नंतर कळलं की हे काही आमच्याच घरी घडलं असं नाही. लुई ब्रेल नावाच्या पोराने पॅरिसच्या अंधशाळेत १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, हे सहा ठिपके बसवले. त्याआधी एका फौजी माणसाची बारा ठिपक्यांची पद्धत होती, ती बोटाखाली एका वेळी मावत नव्हती, याने निम्मे केले आणि अक्षर बोटाच्या टोकाखाली बसलं. आणि त्याच शाळेत पुढे १८४० च्या सुमाराला मुख्याध्यापकाने ब्रेलवर बंदी घातली! कारण काय, तर दिसणाऱ्यांना वाचता येत नाही, दिसणाऱ्यांसारखीच उठावाची अक्षरं हवीत. फ्रान्सने अधिकृत मान्यता दिली १८५४ मध्ये, लुई जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे दादा एकटा नव्हता, दादाची परंपरा मोठी आहे.

आता मोबाईल. मी विरोधात नाही, माझा फोन दिवसभर बोलतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे, तुम्हीही टाका. पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. आमच्या ऑफिसात मध्यंतरी एक मुलगी आली, हुशार, एमए, लहानपणापासून सगळं कानाने शिकलेली. बोलायला लागली की ऐकत राहावं. तिने टाईप केलेलं पत्र साहेबांनी मला वाचून दाखवलं, हसत, मला हसू आलं नाही. 'कि', 'आणी', 'अंतकरण'. फोनला ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, दोन्ही सारखंच बोलतो, तिने कधी शब्दाला हातच लावलेला नव्हता. ब्रेलमध्ये इ वेगळी आणि ई वेगळी, बोट अडखळतंच. शिवाय तिथे वेलांटी उच्चारतो तशी अक्षराच्या नंतर येते, तुमच्या छापील 'कि'सारखी आधी नाही, म्हणजे लहान पोराला उलट सोपं. अभंगाचा चरण कुठे तुटतो, प्रश्नचिन्ह आहे की पूर्णविराम, हे मशीन सपाट वाचून टाकतं. आणि गणित? अपूर्णांकांची उदाहरणं कानाने सोडवून बघा एकदा.

अजून एक. आपल्या इंदुरी पोरांना घरात मराठी, शाळेत हिंदी, वर इंग्रजी. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं तेव्हा सगळ्या भारतीय भाषांना एकच ठिपके दिले, आणि शक्य तिथे इंग्रजीशी जुळवून, म्हणजे के आणि क एकच, एम आणि म एकच. एक लिपी शिकली की तिन्ही भाषांचं बरंचसं काम होतं. डोळ्याने शिकणाऱ्याला ही सवलत नाही.

किती दिवस लागतात म्हणाल तर, अक्षरं महिना-दोन महिन्यांत येतात, मला आली. वेग यायला वर्षं लागतात, आणि तो वयावर आहे. मी २० चा असताना सुरू केलं, आजही माझी बैलगाडी आहे. सहाव्या वर्षी शिकलेला माझा एक मित्र आहे, त्याची बोटं पानावरून अशी जातात की कागदाचा नुसता सुरसुर आवाज येतो. मला त्याचा हेवा वाटतो, अजूनही, आणि त्या सहा-सात वर्षांचा हिशोब मी कुणाकडे मागू? म्हणून तुम्हाला सांगतोय. थोडं दिसणारी मुलं लबाडी करतात, ठिपके डोळ्यांनी वाचतात, तुमची पण करेल. हातांवर टॉवेल टाका.

स्लेटपासून सुरू करा, महागाचं यंत्र आत्ताच घेऊ नका. ठिपके वर येणारे इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले चांगले असतात पण घरातल्या बजेटला न झेपणारे. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये (फोनला बोलायला लावणारी सोय) २०२० पासून स्क्रीनवर सहा ठिपक्यांनी टाईप करायची सोय आहे, म्हणजे ब्रेल आलं तर मोबाईलही जोरात चालतो, भांडण नाहीच आहे दोघांचं. वाचायला 'स्पर्शज्ञान' आहे, मराठी ब्रेल पाक्षिक, २००८ पासून. अंधांच्या साहित्याला टपालखर्च लागत नाही.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी, नाहीतर मी फारच एकतर्फी बोललो असं होईल. ब्रेल सगळ्यांना जमत नाही. जाड पुस्तकं, एकाचे चार खंड, घरात जागा नसते, वर कुणी जड काही ठेवलं की ठिपके बसतात, माझ्या खोक्यातल्या निम्म्या पत्रिका वहिनीने एकदा वर पाटा ठेवून सपाट केल्या. आणि बोटं शाबूत लागतात.

दादाला वीस वर्षं शुगर आहे. आता त्याच्याही पडद्यावर परिणाम झालाय, एका डोळ्याने अंधुक दिसतं, दुसऱ्याने नाहीच. मागच्या दिवाळीत मी स्लेट घेऊन त्याच्याकडे गेलो. खोटं कशाला बोलू, थोडा जिंकायलाच गेलो होतो. त्याचं बोट धरून ल वर ठेवलं, मग ळ वर. म्हणाला, दोन्ही सारखंच लागतंय रे. मोठे ठिपके काढले, तरी तेच. शुगरने बोटांची टोकं बधिर झालीत, चहाचा कप किती गरम आहे तेही कळत नाही त्याला. मी स्लेट पिशवीत घातली.

सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांच्या बाटल्या तो सारख्या अदलाबदल करतो, फोन धरून वाचायला जातो तर फोन कंपनीचं नाव आणि पत्ता वाचत बसतो. मग मी सकाळच्या बाटलीला एक जाड रबरबँड लावलं आणि रात्रीच्या बाटलीला दोन. तेवढं कळतं त्याला, अंगठ्याने चाचपून.

म्हणाला, हे बरंय, असलं काहीतरी सोपं आधीच का नाही काढलंस.