नोकरी सोडण्याआधी एकदा पावसाळ्यात बागेत या

पुण्यातली आयटीची भरपगारी नोकरी सोडून रत्नागिरीतल्या पावसजवळची घरची हापूसची बाग करायला यावं का, आणि वडील याला वेडेपणा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी मुंबईतली बँकेची नोकरी सोडून आलो आणि आज बागेवरच घर चालवतो. माझं मत : जरूर या, पण मे महिन्यातली बाग बघून ठरवू नका.

मे महिन्यात बाग कोणालाही आवडते. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा, पेंढ्यात लावलेल्या पेट्या, घरभर घमघमाट. खरं काम बघायचं तर १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान रजा टाकून या. तेव्हा भर पावसात बेणणी (तण काढणं) चालते, कलमांच्या बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून द्यायचं औषध, घालतात, बांडगुळं छाटतात. पुढे थंडी लांबली की मोहोर लांबतो, आला की तुडतुडे आणि फुलकिडे येतात, फवारणीमागून फवारणी. गडी टिकवायचे, रात्री राखण करायची. भिजून, चिखलात दिवस घालवल्यावरही दुसऱ्या सकाळी कोणी न उठवता बागेकडे पाय वळले, तर पगार कमी झाल्याचं दुःख तुम्हाला फार दिवस राहणार नाही. माझं राहिलं नाही.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगतो. पगार महिन्याला येतो, बाजारातली पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, फक्त हंगामात. त्यात हापूस वर्षाआड धरतो. निदान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नवीन कलमं लावणार असाल तर धंद्याचं उत्पन्न यायला आठ-दहा वर्षं लागतात, तोवर जुन्या झाडांवरच भागवायचं. दलालाची उचल घेऊ नका. घेतलीत की माल त्याच्याकडेच जातो आणि भावही तोच सांगतो. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्याच आंब्याला लावता येतं. त्याखाली नोंदणी करून थेट गिऱ्हाइकाला विका, तुमचं संगणकाचं ज्ञान इथे खरोखर कामाला येईल.

सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर वाटपाचं आधी मार्गी लावा. बाग चांगली चालू लागली की मग तो विषय फार कडू होतो.

आणि वडिलांशी वाद घालू नका. खतं-औषधांची उधारी फेडता फेडता संपलेले हंगाम त्यांनी पाहिलेत, त्यांची भीती त्यातून येते. मागच्या पाच-सहा वर्षांच्या पट्ट्या आणि औषधांची बिलं काढायला सांगा, आणि शेजारी बसून सगळा हिशेब त्यांच्याच तोंडून ऐका.